दुसऱ्याची प्रोसेस थांबवायची कुणी? महाप्याच्या एका डिझाइन ऑफिसमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीतलं वीस-बावीस माणसांचं स्ट्रक्चरल डिझाइन ऑफिस. पाइपरॅक, टाक्यांचे सांगाडे, प्रेशर व्हेसलचे सपोर्ट, अशी कामं. जड आकडेमोडीसाठी सगळ्यांत मिळून एकच सर्व्हर: उबंटू २२.०४, ३२ कोअर, २५६ जीबी मेमरी, आणि निकाल साठवायला २ टीबीची वेगळी डिस्क, ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेली. सॉल्व्हरच्या (विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) परवान्याच्या सीट दोन. म्हणजे एका वेळी दोनच विश्लेषणं चालणार, तिसऱ्याने रांगेत थांबायचं.

सर्व्हरवर प्रत्येकाचं आपापलं खातं आणि सगळी खाती 'डिझाइन' या एकाच गटात. निकालांचं फोल्डर गटातल्या कुणालाही लिहिता येईल असं ठेवलेलं. सुडोचा, म्हणजे सर्वाधिकारी 'रूट' खात्याच्या नावाने कमांड चालवायचा, अधिकार फक्त एका माणसाकडे: मंगळवारी आणि शुक्रवारी कंत्राटावर येणारे सिस्टीमवाले सर. लहान ऑफिसात हे असंच असतं, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस ते चालूनही जातं.

पण या मांडणीत एक गोष्ट कुणी बोलून दाखवली नव्हती. काम ऑफिसचं होतं, पण चालणारी प्रोसेस, म्हणजे सुरू असलेला प्रोग्रॅम, मात्र ज्याने एंटर दाबलं त्याच्या नावावर होती. तो माणूस खुर्चीत असेपर्यंत हा फरक जाणवत नाही.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या मूळ स्पेलिंगनेच टाकायच्या हे वेगळं सांगायला नको.)

अडचण

गणपतीच्या आधीचा शुक्रवार. सीनिअर विश्लेषकाने गुरुवारी संध्याकाळी १८ लोड केसेसची (भारांच्या वेगवेगळ्या स्थितींची) बॅच लावली आणि रात्रीच्या गाडीने तो कोकणात गावी गेला. बॅच म्हणजे टीमक्सच्या (लॉगआउट झालं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या) सत्रात चाललेली साधी बॅश स्क्रिप्ट: केसचं नाव घ्यायचं, त्या नावाच्या जुन्या निकाल-फायली पुसायच्या, सॉल्व्हर चालवायचा, तो संपला की पुढची केस घ्यायची.

पहिल्या चार केसेस नीट झाल्या. पाचवी बिघडली. नॉनलिनिअर विश्लेषणात उत्तर जुळेना झालं की सॉल्व्हर भाराची पायरी निम्मी करतो, पुन्हा निम्मी करतो, आणि इथे प्रत्येक पायरीचा पूर्ण निकाल लिहायचा पर्याय चालू होता. शुक्रवारी संध्याकाळी ६:४० ला एकट्या पाचव्या केसची फाइल ३१० जीबीची झाली होती, तासाला साधारण ५० जीबीने फुगत होती आणि डिस्कवर ७० जीबी उरले होते. मेमरीतले १७० जीबी तिनेच धरलेले. दुसऱ्या सीटवर एका सहकाऱ्याचं फटिगचं विश्लेषण ११ पैकी ९ तास पूर्ण करून बसलेलं. डिस्क भरली असती तर 'जागा शिल्लक नाही' म्हणून तेही कोसळलं असतं.

आणि टीम लीड मॅडमना शनिवारी सकाळी ११ ला क्लाएंटकडे द्यायचं एक विश्लेषण चालवायचं होतं: सहा तासांचं, १२० जीबी मेमरीचं. ते सीटच्या रांगेत उभं होतं.

सीनिअरचा फोन लागत नव्हता. ज्युनिअरने सॉल्व्हरच्या प्रोसेसचा नंबर शोधून किल १८४८२१३ दिलं (किल म्हणजे प्रोसेसला सिग्नल पाठवणारी कमांड). उत्तर: ऑपरेशन नॉट परमिटेड. मग किल -९. तेच उत्तर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण -९ म्हणजे 'जास्त जोरात' असा समज फार पसरलेला आहे. सिग्नल कोणता, हा प्रश्न नंतरचा. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आधी पाठवणाऱ्याचा हक्क तपासतो: पाठवणाऱ्याचा खरा किंवा प्रभावी यूजर आयडी हा समोरच्या प्रोसेसच्या खऱ्या किंवा राखून ठेवलेल्या यूजर आयडीशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर पाठवणाऱ्याकडे कॅप-किल हा विशेष अधिकार हवा, जो रूटकडे असतो. दोन्ही नसेल तर १५ (सिगटर्म, आवरून थांबायची विनंती) पाठवा नाहीतर ९ (सिगकिल, तत्काळ अंत), सिग्नल दारातूनच परत येतो. (गोठलेली प्रोसेस पुन्हा चालू करणाऱ्या सिगकॉन्टला मात्र सूट आहे. एकाच सत्रातली प्रोसेस असेल तर तो चालतो. इथे त्याचा उपयोग नव्हता.)

या नियमात गटाचा उल्लेख कुठेच नाही. ज्युनिअरचा गोंधळ नेमका इथेच झाला: 'आम्ही एकाच ग्रुपमध्ये आहोत, फाइल पुसता येते, मग प्रोसेस का मारता येत नाही?' गट ही फायलींच्या परवानगीची कल्पना आहे. सिग्नल पाठवताना गट बघितला जात नाही.

फाइल पुसता येते, हे त्याने लगेच करूनही पाहिलं. ३१० जीबीची फाइल आरएम केली. एलएसमधून (फायलींच्या यादीतून) ती गायब झाली, पण डीएफचा (डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या कमांडचा) आकडा जागचा हलला नाही. कारण फाइलचं नाव पुसलं तरी ती उघडून बसलेली प्रोसेस जिवंत आहे तोवर तिचे ब्लॉक मोकळे होत नाहीत. फाइल शून्यावर आणून जागा सोडवता आली असती, पण त्यासाठी फाइलवरच लिहिण्याची परवानगी लागते आणि ती सीनिअरच्या नावे ६४४ होती, म्हणजे लिहायचा हक्क फक्त मालकाला. पुसायला मात्र फोल्डरवर लिहिता येणं पुरतं. म्हणजे जे करून फायदा नव्हता तेवढंच करायची मुभा होती. आता फाइल दिसतही नव्हती आणि वाढायचीही थांबली नव्हती.

समोरचे पर्याय

७:०५ ला सिस्टीमवाल्या सरांना फोन लागला. ते कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरून बदलापूर लोकलची वाट पाहत होते. लॅपटॉप ऑफिसच्या कपाटात. फोनमध्ये व्हीपीएन आणि एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर कमांड द्यायचं) अ‍ॅप होतं.

ज्युनिअरची पहिली मागणी अपेक्षित होती. 'सर, रूटचा पासवर्ड द्या ना, मी मारतो.'

'रूटला पासवर्डच नाहीये रे.'

हे खरं होतं. उबंटूत रूटचं लॉगिन मुळातच बंद असतं आणि अधिकार सुडो गटातून मिळतो. स्वतःचा पासवर्ड फोनवर सांगणं सरांनी नाकारलं, तेही बरोबरच. एकदा सांगितलेला पासवर्ड कामापुरता राहत नाही, तो राहूनच जातो.

दुसरा विचार मॅडमचा: सर्व्हर रीबूट करायचा. त्यात ९ तास झालेलं फटिगचं काम मेलं असतं. डिस्क भरून जे नुकसान झालं असतं तेच आपल्या हाताने झालं असतं. हा पर्याय अर्ध्या मिनिटात निघाला.

तिसरा: सीनिअरच्या गावातल्या कुणाचा तरी फोन शोधून, त्याला गाठून, त्याचा पासवर्ड मागायचा. ऑफिसात यापूर्वी असं झालेलं होतं. पण दुसऱ्याच्या खात्यातून आत शिरलं की त्यानंतर जे होईल ते त्याच्या नावावर लागतं, पासवर्ड कुणी दिला नि कुणी वापरला याची नोंद कुठेच राहत नाही. आणि माणूस मुळात लागतच नव्हता.

चौथा: मारण्याऐवजी सिगस्टॉप देऊन नुसतं गोठवायचं. डिस्क भरणं त्या क्षणी थांबलं असतं, कोअर मोकळे झाले असते. मेमरी आणि सीट सुटली नसती, म्हणून मॅडमचं काम अडलेलंच राहिलं असतं. काही परवाना सर्व्हर गोठलेल्या प्रोसेसची सीट काही वेळाने काढूनही घेतात. मग सिगकॉन्ट दिल्यावर सॉल्व्हर तक्रार करत मरतो. फोनवर हा पर्याय बोलला गेलाच नाही. तो पहिला बोलला जायला हवा होता.

पाचवा: सरांनी स्वतः फोनवरून सुडोने मारायचं. हाच ठरला. त्यांनी दोन लोकल सोडल्या आणि फलाटावरच्या बाकावर बसले.

प्रत्यक्षात काय केलं

७:१८ ला सुडो किल -९ १८४८२१३. सॉल्व्हर मेला. पुसलेल्या फाइलने अडवलेली सगळी जागा एकदम मोकळी झाली, मेमरी उतरली, सीट सुटली.

दोन सेकंदांनी ज्युनिअर: 'सर, अजून चालूच आहे. नंबर बदललाय.'

मारलं होतं ते सॉल्व्हरला. त्याला चालवणारी स्क्रिप्ट जिवंतच होती. तिच्या दृष्टीने पाचवी केस 'संपली' होती, म्हणून तिने सहावी लावली. परवान्याची रांग दर ३० सेकंदांनी सीट तपासायची, त्यामुळे सुटलेली सीट मॅडमच्या कामाला मिळायच्या आत सहाव्या केसने घेतली. सरांनी नवा नंबर मारला. सातवी केस उभी राहिली. आणि प्रत्येक केस सुरू होताना स्क्रिप्टने नेमून दिलेलं काम केलं: त्या नावाच्या जुन्या निकाल-फायली पुसल्या. सहा आणि सातचे आदल्या आठवड्यातले, जाड जाळीवर काढलेले निकाल त्यात गेले. नव्या निकालांशी ताडून बघायला सीनिअरने ते ठेवले होते.

दुसऱ्या वेळेनंतर सर थांबले आणि पीएसट्री (कोणती प्रोसेस कुणी सुरू केली त्याचं झाड) पाहिलं. करायला हवं होतं ते सगळ्यात आधी. झाड असं: टीमक्स, त्याखाली सीनिअरची बॅश (त्याच्या कमांड घेणारं शेल), त्याखाली स्क्रिप्ट १८४८१९०, त्याखाली सॉल्व्हर. त्याच सीनिअरच्या नावावर शेजारी आणखी एक प्रोसेस होती: दुसऱ्या प्रकल्पाचे रिपोर्ट जोडणारी, पाच तास चाललेली. घाईत पीकिल -यू करून 'त्याचं सगळंच उडवून टाकू' हा विचार सुरू झाला होता. झाड दिसल्यावर तो बारगळला.

टर्मिनलवरून सुरू केलेली स्क्रिप्ट आणि तिची पोरं एकाच प्रोसेस-गटात असतात (हा 'डिझाइन'सारख्या यूजरच्या गटाहून वेगळा) आणि गटाचा नंबर हा स्क्रिप्टचाच नंबर असतो. किलला ऋण नंबर दिला की सिग्नल पूर्ण गटाला जातो. सरांनी लिहिलं: सुडो किल -टर्म -- -१८४८१९०. यावेळी ९ नाही, १५. स्क्रिप्ट तत्काळ गेली. सॉल्व्हरने ४० सेकंद घेतले, आपल्या कामचलाऊ फायली पुसल्या, सीट परत केली आणि गेला. ७:३४ ला मॅडमचं विश्लेषण रांगेतून पुढे सरकलं.

या एका ओळीकडे जवळून पाहायला हवं, कारण फोनच्या कीबोर्डवर, फलाटावरच्या गोंगाटात ती टाइप झाली होती. ६४-बिट उबंटूत प्रोसेसचे नंबर ४१,९४,३०४ पर्यंत जातात, म्हणून बरेच दिवस चालू असलेल्या सर्व्हरवर ते सात आकडी दिसतात. समजा बोट घसरून पहिल्या १ नंतर स्पेस पडली असती: -१ ८४८१९०. किलच्या भाषेत -१ म्हणजे 'मला ज्यांना सिग्नल पाठवायचा हक्क आहे ते सगळे'. आणि पाठवणारा रूट असेल तर पहिली प्रोसेस सोडून सगळंच: फटिगचं काम, सगळ्यांची सत्रं, सरांचं स्वतःचं एसएसएचसुद्धा. 'खात्री आहे का' असं विचारायला कुणी येत नाही. साध्या यूजरने हीच चूक केली तर फक्त त्याचं स्वतःचं घर बुडतं. पुढच्या कायमच्या व्यवस्थेचा पाया नेमका हा फरक ठरला.

निकाल

मॅडमचं विश्लेषण रात्री दीडच्या सुमारास संपलं, शनिवारी वेळेत गेलं. फटिगचंही पूर्ण झालं.

हिशोबाची दुसरी बाजू अशी. पहिल्या दोन सिगकिलमुळे सॉल्व्हरला आवरायला संधी मिळाली नाही, म्हणून ६० जीबीच्या कामचलाऊ फायली तशाच पडून राहिल्या. त्या सोमवारी कुणाच्या तरी नजरेला आल्या. पाचवी केस का बिघडली हे कळायला तिची निकाल-फाइल लागली असती. ती आरएमने नावापुरती गेली होती, पण सॉल्व्हर जिवंत होता तोवर रूटला ती प्रॉकच्या (चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या जागेच्या) एफडी फोल्डरातून निदान काही भाग तरी कॉपी करून घेता आली असती. सिगकिलने ती खरोखरची गेली. सहा आणि सातचे जुने निकाल पुन्हा काढायला दीड दिवस गेला.

सीनिअर परत आला तेव्हा त्याने सरांकडून ऑथ लॉग (सुडोच्या वापराची नोंद) उघडून घेतला. त्यात सुडोच्या तीन ओळी होत्या, तिन्हींत नुसते नंबर. १८४८२१३ म्हणजे काय होतं, कोणती केस, किती वेळ चाललेली, का मारली, काहीच नाही. तो चिडला, आणि त्याच्या चिडण्यात तथ्य होतं. काम थांबवल्याबद्दल त्याची तक्रार नव्हतीच. 'थांबवा की, पण काय थांबवलं ते तरी लिहून ठेवा,' एवढंच त्याचं म्हणणं होतं.

कायमची व्यवस्था ठरवताना

पुढच्या मंगळवारी बसून चार मार्ग तपासले गेले.

सर्वात सोपा वाटणारा: लीड मंडळींना सुडोने किल वापरू द्यायचं, रूट म्हणून. यात -१ ची गोष्ट जशीच्या तशी उरते, शिवाय लीडला डेटाबेस, एसएसएच, काहीही मारता येतं. सुडोअर्समध्ये (सुडोच्या नियमांच्या फाइलमध्ये) 'किल -१५ *' असं लिहून आळा बसेल असं वाटतं, पण तिथला तारा स्पेसही गिळतो. त्यामागे काहीही चिकटवता येतं.

दुसरा: किलच्या एका प्रतीला कॅप-किल अधिकार लावून ठेवायचा. हा तर पहिल्याहून वाईट. ती प्रत चालवू शकणारा कुणीही रूटच्या प्रोसेससुद्धा मारू शकतो आणि सुडोच्या लॉगमध्ये त्याची ओळही येत नाही. सेटयूआयडी बिट (फाइल मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) लावलेली शेल स्क्रिप्ट हीही सूचना कुणीतरी केली. लिनक्स स्क्रिप्टवरचा तो बिट मानतच नाही.

तिसरा मार्ग स्वीकारला गेला, आणि तो इतका साधा आहे की लोक त्याच्याकडे बघत नाहीत. सुडो म्हणजे रूटच व्हायचं असं नाही. सुडो -यू ने दुसऱ्या कुठल्याही यूजरच्या नावाने कमांड चालवता येते. सीनिअरची प्रोसेस मारायला सीनिअर होणं पुरतं. कर्नलचा नियम तिथेच पूर्ण होतो, विशेष अधिकार लागतच नाही. सुडोअर्समधली ओळ:

%लीड्स ऑल=(%डिझाइन) /यूएसआर/बिन/किल

म्हणजे लीड्स गटातल्या माणसाने, डिझाइन गटातल्या कुणाच्याही नावाने, फक्त किल चालवावं. पासवर्ड विचारला जातो तो लीडचा स्वतःचा. रूट डिझाइन गटात नाही, त्यामुळे रूटच्या प्रोसेस हाताबाहेर राहतात. -१ ची चूक झालीच तर त्या एका माणसाची कामं जातील, सर्व्हर उभा राहील. लॉगमध्ये कुणी, कुणाच्या नावाने, हे दोन्ही येतं. या ओळीत किलच्या जागी शेल, एडिटर किंवा पायथन मात्र कधीच लिहायचं नाही. ते दिलं की माणसाचं अख्खं खातंच दिलं.

ही ओळ लावताना एक दिवस वाया गेला. सुडोअर्स-डी फोल्डरात फाइल ठेवली, नाव दिलं 'लीड-किल.कॉन्फ'. नियम लागूच होईना, चूकही दाखवेना. त्या फोल्डरात नावात टिंब असलेली फाइल सुडो गुपचूप वगळतो. टिंब काढलं, काम झालं. व्हीसुडो -सी ने व्याकरण आणि सुडो -एल -यू (इथला यू कॅपिटल) ने एखाद्या माणसाला नेमकं काय मिळालंय ते दिसतं. दोन्ही चालवून पाहिल्याशिवाय उठू नये.

नुसत्या किलवर न थांबता सरांनी त्याभोवती 'थांबव' नावाची लहान स्क्रिप्ट लिहिली, जी लीड स्वतःच्याच खात्यातून चालवतो. ती फक्त आकडे घेते; ऋण चिन्ह, स्पेस, अक्षर दिसलं की नाकारते. प्रोसेसचं झाड, मालक, किती वेळ चालली ते दाखवते आणि एका ओळीत कारण मागते. ते सगळं लॉगर कमांडने सिस्टीम लॉगमध्ये जातं. मग सुडो -यू ने गटाला सिगटर्म, ६० सेकंद वाट, तरी कुणी उरलं तर सिगकिल. सिगकिलच्या आधी प्रॉकच्या स्टॅट फाइलमधला २२ वा रकाना, म्हणजे प्रोसेस सुरू झाल्याची वेळ, ती पुन्हा तपासते. साठ सेकंदांत जुनी प्रोसेस जाऊन तोच नंबर दुसऱ्याला मिळण्याची शक्यता फार कमी. पण तपासायला एक ओळ लागते, आणि चुकीची प्रोसेस मारली तर रात्र जाते.

चौथा मार्ग लांब चालणाऱ्या बॅचसाठी ठेवला: त्या कुणाच्या टीमक्समधून चालवायच्याच नाहीत. 'सॉल्व्हर' नावाचं भूमिकेचं खातं आणि सिस्टिमडीचा (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचा) साचा-युनिट, प्रत्येक बॅच म्हणजे त्या साच्यातली एक सेवा. ती थांबवली की सिस्टिमडी त्या सेवेच्या कंट्रोल ग्रुपमधल्या, म्हणजे तिच्यातून सुरू झालेल्या, एकूण एक प्रोसेसला आधी सिगटर्म देतो, ठरलेला वेळ थांबतो आणि मग सिगकिल. स्क्रिप्ट निसटून पुढची केस लावण्याचा प्रश्नच राहत नाही. तो वेळ मुळात ९० सेकंद असतो, इथे १८० केला. थांबल्यानंतर कामचलाऊ फायली पुसायची कमांडही युनिटमध्येच.

सेवा थांबवायचा अधिकार देताना पुन्हा तोच तारा आडवा आला. 'सिस्टिमसीटीएल स्टॉप सॉल्व्हर@*' असं लिहिलं तर ताऱ्याच्या जागी 'क एसएसएच' लिहून एसएसएचही बंद करता येतं. सुडोच्या १.९.१० आवृत्तीपासून अशा ठिकाणी रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुराचा नेमका नमुना) चालतं, पण उबंटू २२.०४ मध्ये १.९.९ आहे. एका आवृत्तीने हुकलं. म्हणून तिथेही नाव तपासणारी रूटच्या मालकीची एक छोटी स्क्रिप्ट मध्ये घातली आणि अधिकार तिच्यापुरताच दिला.

वेगळं काय करता आलं असतं

६:४० ला खरी घाई डिस्कची होती आणि ती पाच मिनिटांत टाळता आली असती, कुणालाही न मारता. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतो. २ टीबीवर ते १०० जीबी होतात आणि डीएफच्या 'उपलब्ध' आकड्यात ते धरलेले नसतात. निकालांच्या डिस्कवर ही राखीव जागा कुणाच्याच कामाची नसते. ट्यून२एफएस -एम १ ने राखीव जागा १ टक्क्यावर आणून, डिस्क चालू असतानाच, ८० जीबी मोकळे झाले असते. तासाला ५० जीबीच्या वेगाने म्हणजे आणखी दीड तास हातात. तेवढ्या वेळात सर बदलापूरला घरी पोहोचून मोठ्या कीबोर्डवर बसले असते.

सगळ्यात नेटका उपाय मात्र सिगस्टॉपचा होता, पण सॉल्व्हरला नव्हे, स्क्रिप्टला. आधी १८४८१९० ला स्टॉप, मग सॉल्व्हरला टर्म. सॉल्व्हर आवरून मेला असता आणि गोठलेल्या स्क्रिप्टखाली झोंबी म्हणून राहिला असता. झोंबी मेमरी धरत नाही, सीट धरत नाही, प्रोसेसच्या यादीतली एक ओळ तेवढी अडवतो. स्क्रिप्ट गोठलेली असल्याने सहावी केस सुरूच झाली नसती, जुने निकाल वाचले असते. शनिवारी दुपारी सिगकॉन्ट दिला की बॅच सहाव्या केसपासून पुढे. पाचवी केस सोडली तर एकही गोष्ट न गमावता दुसऱ्याचं काम बाजूला सरकवता आलं असतं.

आणि सीनिअरची स्क्रिप्ट. त्यात सुरुवातीला सेट -ई असतं, किंवा सॉल्व्हरच्या ओळीपुढे 'बिघडला तर थांब' एवढं असतं, तर पहिल्याच सिगकिलला शेलला सॉल्व्हरचा कोड १३७ मिळाला असता (१२८ अधिक ९) आणि स्क्रिप्ट तिथेच थांबली असती. सॉल्व्हरच्या आधी टाइमआउट -के ६० ८एच लावलं असतं तर आठ तासांनी ती केस आपोआप सिगटर्म खाऊन आणि अडली तर मिनिटाने सिगकिल खाऊन संपली असती, कुणालाही फोन न करता. पाचवी केस शुक्रवारी सकाळी साडेसातला सुरू झाली होती. म्हणजे दुपारी साडेतीनला विषय मिटला असता, सर तेव्हा ऑफिसातच होते. जुन्या फायली पुसायची ओळ आता 'जुने' फोल्डरात हलवणारी झाली आहे.

लांब सुट्टीवर जाणाऱ्याने बॅचच्या फोल्डरात 'थांबवायची झाल्यास' नावाची फाइल ठेवायची असंही ठरलं: कोणती केस मारली तरी चालेल, कोणती नाही, गोठवून चालेल का. चार ओळी पुरतात. दिवाळीपर्यंत ती सगळ्यांनी ठेवली, नंतर विसरायला लागले. म्हणून आता बॅच लावणारी कमांडच ती फाइल नसेल तर पुढे जात नाही.

एक भोक अजून उघडं आहे. दोघं विश्लेषक पोस्ट-प्रोसेसिंग डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) करतात. त्या प्रोसेस सर्व्हरवर रूटच्या नावाने दिसतात, त्यामुळे 'थांबव' त्यांना हात लावत नाही आणि लावूही नये. डॉकर गटात लीडला घालणं म्हणजे मागच्या दाराने रूट देणंच. तोवर तेवढ्यासाठी सरांनाच फोन जातो, आणि ते ठाण्याच्या फलाटावर असतील तर 'घरी पोहोचून बघतो' असं सांगतात.